बागेतल्या बंगल्याची मागची बाजू

भुताखेतांच्या गोष्टी मला लहानपणापासून कंटाळवाण्या वाटतात. मी सुरतला साडी-प्रिंटचं डिझाईन करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं, असा माझा साधा हिशोब. तरीही हे लिहितेय, कारण कोणाला यातलं काही कळलं तर हवंच आहे.

आमचं घर सुरतच्याच भेस्तान भागात, एका चाळीत. मूळचे आम्ही अमळनेरकडचे, घरात अजून तिकडचीच बोली. माझे वडील, आण्णा, इथे पॉवरलूमवर आयुष्यभर कोरं ग्रे कापड विणत राहिले. गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, पण बोलणं गेलं ते गेलंच. फक्त "हं" आणि मान हलवणं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. आई बोलायची... उत्तर येत नाही म्हटल्यावर तीही हळूहळू गप्प झाली. घरात सगळ्यात जड काय होतं तर ती शांतता.

मी पलसाण्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये कामाला आहे. मालक परेशभाईंना जुन्या वस्तूंचं वेड. त्यांनी कुठल्याशा भंगारवाल्याकडून लिथोग्राफचा एक गठ्ठा आणला. दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर छापायचे, तशी फार जुनी, पिवळी पडलेली चित्रं. सगळी परदेशी बागांमधल्या शोभेच्या इमारतींची – गोल घुमटीचे मंडप, खांबांचे छोटे बंगले, तळ्याकाठच्या छत्र्या. खाली कुठल्यातरी युरोपी भाषेत नावं. प्रत्येक चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. परेशभाई म्हणाले, "इसमें से बॉर्डर निकालो, लग्नसरा का कलेक्शन करेंगे."

मी सगळी स्कॅन केली आणि रविवारी दुपारी घरी लॅपटॉपवर साफ करत बसले. आण्णा शेजारी खाटेवर टेकून होते. आई भाकरी थापत होती. स्क्रीनवर एक पांढरा बंगला होता – समोरून काढलेला, पुढे गवत, दोन्ही बाजूंना झाडं. मी एकेक डाग पुसत होते.

आण्णांनी हात पुढे केला. मला वाटलं, पाणी हवंय. पण त्यांचं बोट स्क्रीनकडे गेलं, बंगल्यावरून सरकलं आणि चित्राच्या कडेपाशी थांबलं.

"मांगे," ते म्हणाले.

आईचा हात पिठातच थांबला.

"मांगे पायऱ्या शेतस," आण्णा सावकाश, पण स्वच्छ बोलले. "खाले पानी शे. एक खांब मोडेल शे. त्याले लाकूड लायेल शे."

मागे पायऱ्या आहेत, खाली पाणी आहे, एक खांब मोडलाय, त्याला लाकडाचा टेकू लावलाय... मी विचारलं, "आण्णा, तुमले कसं माहीत?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही वेडगळ विचारलंय. मग डोळे मिटले. आई रडत होती. तिला बंगल्याशी काही देणंघेणं नव्हतं, नवऱ्याचा आवाज ऐकला एवढंच तिला पुरेसं होतं.

सोमवारी चहाच्या वेळी परेशभाईंना सांगितलं. ते हसून म्हणाले, "दिमाग है बेन, कुछ भी बोलता है." मलाही तेच पटलं. डॉक्टरही म्हणाले, आजारात मेंदू जुन्या आठवणींची सरमिसळ करतो. पण आण्णांच्या आठवणीत गाव, लूम आणि ही चाळ. परदेश सोडा, कधी बागेत फिरायला गेलेलेही मला आठवत नाहीत.

पुढे परेशभाईंनी ती चित्रं फ्रेम करायला दिली. फ्रेमवाल्याने ओलसर कापड ठेवून कागद पुठ्ठ्यापासून सोडवले. त्या पांढऱ्या बंगल्याच्या चित्राखाली, पुठ्ठ्याला चिकटलेलं, दुसरं चित्र निघालं.

परेशभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. हसत नव्हते. "बेन, आ जुओ," म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तमारा पप्पाए आ ज कीधुं हतुं ने?" तुमच्या पप्पांनी हेच सांगितलं होतं ना, असं ते विचारत होते.

तोच बंगला, मागून. पायऱ्या उतरून पाण्यात गेलेल्या. डावीकडचा खांब मधोमध तुटलेला आणि त्याला एक ओंडका टेकवलेला. मी खुर्चीवर बसले.

मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरी जाऊन आण्णांना दाखवला. एव्हाना ते थोडं थोडं बोलायला लागले होते – चहा, पंखा, आईचं नाव. त्यांनी फोटो नीट पाहिला, मोबाइल जवळ नेला, लांब धरला.

"हाई कोठलं शे?" त्यांनी मलाच विचारलं.

मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, तेव्हा आईने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "आते नको इचारू," ती म्हणाली. "गया व्हता कोठेतरी, परत वना. बस शे."

कुठेतरी गेले होते, परत आले – आईला एवढं पुरलं. मला नाही पुरत. मी त्या इमारतीचं नाव शोधून पाहिलं, खालच्या ओळी वाचून घेतल्या, कुठली तरी बाग, कोणा उमरावाची. आता ती इमारत उभी आहे की नाही, तेही कळलं नाही.

समोरच्या बाजूवरून केलेली बॉर्डर साड्यांवर छापून बाजारात गेली. मागच्या बाजूचा तो कागद मात्र परेशभाईंनी दोनदा सांगूनही मी अजून स्कॅन केलेला नाही. स्कॅन केला की साफ करताना तो खांबही सरळ करावा लागेल; तो तसाच, टेकूवर राहू दे... असं वाटतं.