दोन मात्रा गप्प

मी सॅक्सोफोन वाजवतो तो आमच्या गावच्या बँडपथकाच्या शंकरमास्तरांमुळे. कॉलेजात असताना दर लग्नसराईत त्यांनी मला पथकात घेतलं, त्या कमाईवर माझं शिक्षण पुरं झालं.

आता शहरात नोकरी सांभाळून मी जुन्या रॉक अँड रोल गाण्यांतले सॅक्सोफोनचे सोलो शिकतो आहे. काल एका रेकॉर्डवर, दोन ओळींच्या मधल्या शांततेत, वादकाने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू आला. नेमका तिथेच मी रोज चुकतो. बोटं थांबतच नाहीत.

"अरे बाबा, इथे गप्प बसायचंय!" सॅक्सोफोन शिकवणारे आमचे सर वैतागतात. "कुणाची वरात चाललीय का?"

माझ्या डोक्यात वरातच चाललेली असते. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही, ही मास्तरांची शिस्त. तुटला की वऱ्हाडी ओरडणार, "काय मास्तर, हवा संपली का?"

माझ्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळेच की काय, मला सगळीकडेच थांबायची धास्ती वाटते. जरा थांबलो तर कुणीतरी मान वर करून विचारेल, हा इथे कसा?

येत्या रविवारी हा सोलो पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायचा आहे. आज सकाळी मास्तरांना पत्र टाकलं:

"मास्तर, साष्टांग नमस्कार. रविवारी माझं वादन आहे, नक्की या. इथे लोक खुर्च्यांवर बसून ऐकतात, कुणी नाचत नाही. मध्येच मी दोन मात्रा गप्प राहीन. पण तेव्हा तुम्ही घाबरून उठू नका. मी विसरलेलो नसेन."