वाळत घातलेली वर्दी

सावली गावच्या गिरणीत धानाची पोती उचलणाऱ्या देवाजीला गावात देवाजी म्हणून कोणी हाक मारत नसे. सगळे फौजी म्हणत. आणि गंमत अशी, की या फौजीनं फौज पाहिली होती ती फक्त भरतीच्या रांगेतून. नागपूरला छाती मोजणाऱ्यानं टेप लावली, मान हलवली, आणि पठ्ठ्या संध्याकाळच्या एसटीनं परत घरी आला. पोती उचलून उचलून पुढं तीच छाती अशी भरली, की बायकोला, कमलाबाईला, सदऱ्याची शिवण उसवावी लागली. पण तोवर भरतीचं वय निघून गेलं होतं. काय करता!

मग दंडारीनं हात दिला. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाचगाण्याचं नाटक, म्हणजे दंडार, आलीच. त्या साली वगामध्ये सुट्टीवर आलेल्या शिपायाचं काम होतं. देवाजी उंच, काळासावळा, मिशीवाला, आवाज असा की गिरणीच्या पट्ट्याच्या घरघरीतही ऐकू यावा. काम त्यालाच मिळालं. पण वर्दी कुठून आणायची?

वर्दी होती गुलाबभाऊजवळ. गुलाबभाऊ देवाजीच्याच बौद्ध वस्तीतला, महार रेजिमेंटमधून हवालदार होऊन घरी आलेला. माणूस मोजकं बोलणारा, पण दंडारीचा भारी शौकीन. त्यानं पेटी उघडून हिरव्या वर्दीचा एक जोड काढून दिला. बिल्ले, नावाची पट्टी, निशाणी, सगळं त्यानं आधीच उसवून ठेवलं होतं. अट एकच घातली. मंचावर चढताना घालायची आणि मंचावरून उतरलं की काढायची. देवाजीनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

मंडईत देवाजीनं एंट्री घेतली, टाच आपटून सलाम ठोकला आणि शिट्ट्यांनी मंडप दणाणला. इथवर सगळं ठीक होतं. खेळ संपला तेव्हा चांगलंच उजाडलं होतं, आणि त्याच सकाळी गिरणीमालकाच्या मुलीचं लग्न होतं. घरी जाऊन कपडे बदलायचे तर जेवणाची पंगत उठणार. देवाजी तसाच, वर्दीतच गेला. हा गिरणीमालक त्याला पोत्यांच्या थप्पीपलीकडे कधी ओळखत नव्हता. त्याच्या ओसरीवर वस्तीतली माणसं पायरीशी उभी राहायची, आणि उभ्यानंच हिशेब घेऊन परतायची. त्या दिवशी चार पाहुण्यांच्या गर्दीत त्यानं वर्दी पाहिली, चेहरा नीट पाहिलाच नाही, आणि म्हणाला, या, बसा फौजी. आणि खुर्ची पुढं सरकवली.

देवाजी बसला. खुर्ची लोखंडी होती, उन्हानं तापलेली होती. पण देवाजीला त्या खुर्चीतून उठवेना.

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बारसं असो, हळद असो, होळीचं सोंग असो, देवाजी वर्दीत हजर. लोकांनीही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. नवरदेवाच्या बाजूला उभं करून फोटो काढले. कमलाबाईनं ब्रह्मपुरीच्या बाजारातून पितळी बटणं आणून लावून दिली, आणि लावता लावता ऐकवलंही, घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! पण नवरा मिशीला पीळ देऊन निघाला की तीच दारात उभी राहून पाहायची. खोटं कशाला बोला, तिलाही ते आवडत होतं.

पानठेल्यावर यावर दोन तट पडले. काही म्हणत, सैनिकांनी बर्फात राहून कमावलेला कपडा, तो काय लग्नात मिरवायचा आहे? बाकीचे म्हणत, त्यात काय एवढं, बँडवाले नाही का खांद्यावर झुपके लावून फिरत? त्यांनी कोणता किल्ला जिंकला? देवाजी अर्थातच दुसऱ्या तटातला.

शेवटी गुलाबभाऊनं त्याला ओट्यावर बोलावलं. रागावला नाही. सावकाश म्हणाला,

"देवाजी, बँडवाल्याले पाहून कोनाले भेव लागते का? या कपड्यानं लागते. तू हासत असशीन गा, पन समोरचा काय समजून राह्यला, हे तुया हाती नाई."

देवाजीच्या मनात वर्षानुवर्षं साचलेलं होतं, ते त्या क्षणी तोंडातून निघालं.

"भाऊ, तुमाले याच कपड्यानं खुर्ची भेटली ना? मग मले भेटली त तुमचं पोट काऊन दुखते?"

खरंच होतं ते. गुलाबभाऊही सुट्टीवर वर्दीत यायचा तेव्हाच गाव त्याला वाट द्यायचं. तो उठून आत गेला, आणि त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. जय भीमही लांबूनच. देवाजीला ते सलत होतं, पण वर्दी परत करायची म्हणजे खुर्ची परत करायची, आणि ते त्याच्यानं होईना.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत भामरागडकडच्या एका आश्रमशाळेचं आमंत्रण आलं. तिथले एक गुरुजी सावलीचेच होते. त्यांच्या शाळेचं गॅदरिंग होतं, आणि दंडारीच्या मंडळींनी नाच-गाणं करावं, थोडी नक्कल करावी, असं त्यांचं म्हणणं. भाषा नाही कळली तरी ढोलकी कळते, असं म्हणून मंडळी निघाली. कमलाबाई म्हणाली, जंगलात चालले, साधे कपडे घाला. देवाजीनं ऐकलं नाही. वर्दीवाल्याला जीपमध्ये पुढची सीट मिळते, हे त्याला आता पक्कं ठाऊक झालं होतं. आणि मिळालीही.

गाव दीड-दोन कोसांवर राहिलं असताना नाल्यात जीप फसली. शाळेतला शिपाई लालसू, त्याच गावचा माडिया गोंड पोरगा, बैलगाडी घेऊन घ्यायला आला होता. पेट्या, ढोलक्या गाडीत चढवायला वेळ लागणार होता. देवाजीला कुठला धीर! मी पुढं होतो, गुरुजींना सांगतो, म्हणाला, आणि लेफ्ट-राइट करत पायवाटेनं निघाला. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागं, म्हणतात ना, तसं. लालसूनं मागून काहीतरी ओरडून सांगितलं, पण ते याच्या कानापर्यंत पोचलं नाही.

गाव आलं. चुली धुमसत होत्या. एका अंगणात अर्धवट विणलेली टोपली पडली होती, एका दारात पाण्याचा हंडा आडवा होऊन पाणी वाहून चाललं होतं. कुत्री भुंकत होती. माणूस मात्र एकही नव्हतं. देवाजीला वाटलं, सगळे शाळेकडं गेले असतील. आपल्यासाठी मंडप बांधत असतील! बिचारा खूश होऊन मिशीवरून हात फिरवत चालला होता.

शेवटच्या घरापाशी एक म्हातारी उखळाजवळ बसलेली दिसली. सुकरी तिचं नाव. तिचा एक गुडघा सुजून टम्म झालेला, त्यामुळे तिला पळता आलं नव्हतं. हे सगळं देवाजीला नंतर कळलं. तेव्हा त्यानं आपला मोठ्या आवाजात जोहार घातला. म्हातारी मुसळाला धरून कशीबशी उठली, हात जोडले आणि लंगडत घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोंबडा होता. पाय बांधलेला. तिनं तो देवाजीच्या बुटांपाशी ठेवला आणि मागं सरून उभी राहिली.

देवाजी हसला. पाहुणचार समजला तो. नको नको म्हणून हात हलवला. म्हातारीचा चेहरा उतरला. ती पुन्हा आत गेली आणि कोंबडीही घेऊन आली. त्यानं तीही नको म्हटली. तिनं शेजारच्या अंगणात बांधलेल्या बकरीकडं बोट दाखवलं, आणि गोंडीत काय काय सांगू लागली, आर्जवं करू लागली.

तेव्हा देवाजीच्या डोक्यात उजेड पडला. ही आपला पाहुणचार करत नाही. ही आपल्याला भिते आहे. गिरणीतला हमाल देवाजी, ज्याला स्वतःच्या मुकादमाशी वर मान करून बोलता येत नव्हतं, त्याच्यासमोर कोणीतरी असं उभं होतं. त्याला म्हणायचं होतं, बाई, मी कोणी नाही, मी तुमच्यासारखाच आहे. पण गोंडीत त्याला जोहारपलीकडं एक शब्द येत नव्हता. मग त्याला एकच सुचलं. त्यानं पितळी बटणं काढली, शर्ट उतरवला, आणि भोकं पडलेल्या बनियनवर हात ठेवून म्हणाला, पाहा, काहीच नाही, सोंग आहे हे.

म्हातारीनं पुढं होऊन त्याच्या हातातून शर्ट घेतला. आणि बोटानं पँटकडं खूण केली, तीही दे.

देवाजीला वाटलं, समजलं हिला! सोंग उतरव म्हणते आहे. त्यानं निमूटपणे पँटही काढून दिली आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उभा राहिला. म्हातारीनं दोन्ही कपडे काखोटीला मारले, चुलीतली राख द्रोणात घेतली, आणि दुखरा पाय ओढत नदीच्या वाटेला लागली. हा मागोमाग धावला. तिनं कपडे पाण्यात बुडवले, राख लावली आणि दगडावर घासायला बसली. कॉलर घासली, बाह्या घासल्या. हे काम तिच्या हाताला नवीन नव्हतं, ते पाहणाऱ्याला लगेच कळत होतं.

देवाजी काठावर बसला. त्यानं एकदा तिच्या हातून कपडा ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तर ती एवढी दचकली की त्यानं हात मागं घेतला. काय करावं? लाजेनं त्याला रडू येत होतं, आणि रडलो तर हिला वाटेल आणखी काही चुकलं, म्हणून तो रडतही नव्हता.

बैलगाडी आल्यावर लालसू धावत नदीवर आला. त्यानं सगळं पाहिलं. मग त्यानं जंगलाकडं तोंड करून लांब हाका मारल्या, तशी झाडांतून माणसं एकेक करून बाहेर येऊ लागली. कडेवर लेकरं, काखेत गाठोडी. लालसूनं म्हातारीला समजावलं, की हा नाचगाण्यातला माणूस आहे, घाबरू नको. आणि देवाजीला खालच्या आवाजात सांगितलं, की हिरव्या कपड्यातली माणसं इथं येतात. कधी सरकारची, कधी नक्षल्यांची. कोण कोणाची, हे गाव विचारत नाही. आली की कोंबडा द्यायचा. कोंबडा नाही घेतला म्हणजे आणखी मोठं काही पाहिजे असतं. आणि कपडे काढून दिले म्हणजे ते धुवायचे असतात.

देवाजी म्हणाला, मी ही वर्दी पुन्हा अंगावर घालणार नाही, हे तिला सांग. लालसूनं सांगितलं. म्हातारीनं कपडे पिळून कुंपणाच्या काट्यांवर पसरले, नीट बाही ताणून, आणि पाठमोरीच दोन शब्द बोलली.

"काय म्हनते?" देवाजीनं विचारलं.

"म्हणते," लालसू म्हणाला, "वाळली की घालशीलच."

गॅदरिंग झालं. देवाजीनं शिपायाचं काम बनियन आणि कंबरेला गुंडाळलेल्या दुपट्ट्यावर केलं. पोरं खूप हसली, गाव हसलं. सुकरी अगदी मागं बसली होती. ती मंचाकडं कमी आणि कुंपणावरच्या कपड्यांकडं जास्त पाहत होती. सकाळी निघताना वर्दी वाळून खडखडीत झाली होती. देवाजीनं सुकरीसमोर तिची घडी केली आणि पेटीच्या तळाशी घातली. तिच्या चेहऱ्यावरून तिला पटलं की नाही, काही कळलं नाही. कोंबडा तिनं परत घेतला नाही. तो तिनं गाडीच्या दांड्याला बांधूनच दिला.

सावलीला आल्यावर देवाजी आधी गुलाबभाऊच्या ओट्यावर गेला. वर्दी त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, चड्डीवर उभा राहिलो तेही. गुलाबभाऊनं कॉलर उलटून पाहिली. राखेनं घासलेली कॉलर नव्यासारखी झाली होती. मग म्हणाला,

"तुया बोलन्यानं मी रागावलो होतो देवाजी. पन तू खरा बोलला. खुर्ची मलेबी कपड्यानंच भेटली." आणि त्यानं कमलाबाईनं लावलेली पितळी बटणं तशीच ठेवून वर्दी पेटीत टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात गिरणीमालकाच्या धाकट्या मुलाचं लग्न लागलं. देवाजी धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घालून गेला. मालकानं पाहिलं, नजर पुढं सरकली. या नाही, बसा नाही. वस्तीतली माणसं पायरीशी उभी होती. देवाजीही क्षणभर उभा राहिला. मग तो पायरी चढला, भिंतीजवळची एक लोखंडी खुर्ची ओढली आणि बसला.

मालकाच्या मोठ्या मुलानं हसत हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"काय फौजी, आज वर्दी कुठी?"

"धुवायले टाकली," देवाजी म्हणाला. "अजून वाळली नाई."

आणि त्यानं दुसरी खुर्ची ओढून पायरीशी उभ्या असलेल्या गुलाबभाऊला हाक मारली, या भाऊ, बसा.