डोणगावच्या रेल्वेखालचं बूच

आमच्या डोणगावला रेल्वे नाही. रूळ बघायचे असतील तर एसटीत बसून चांगलं लांब जावं लागतं. तरी गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत रेल्वे धावत होती आणि तिच्या रुळांखाली काय अंथरावं, यावर अख्ख्या गल्लीला मत होतं. खरी रेल्वे आली असती तरी लोकांनी इतका जीव खाल्ला नसता.

हे सगळं माझ्या मायच्या झोपेपायी झालं. माझे वडील रेल्वेत गेटमन होते. जलंबच्या अलीकडे रुळाला लागून त्यांचं क्वार्टर होतं. नोकरी संपल्यावर त्यांनी तिथून हाकेच्या अंतरावर, रुळाला खेटूनच, दोन खोल्या बांधल्या. लोक घर बांधताना शाळा बघतात, बाजार बघतात, आमच्या वडिलांनी मालगाडी बघितली. ते गेल्यावरही माय तिथेच एकटी राहायची. अंगणात पाय घसरून तिचं मनगट मोडलं तेव्हा मी तिला जवळजवळ उचलूनच आमच्या घरी आणली. हात बरा होईपर्यंत असं तिला सांगितलं होतं. मनात मात्र कायमचंच होतं. त्या वयात तिला पुन्हा त्या दोन खोल्यांत एकटं सोडायची माझी तयारी नव्हती.

हात बरा झाला, पण बाई झोपेना. तिची झोप दुपारची. वडील दिवसपाळीला गेटवर असायचे, घरातली कामं आटोपली की दुपारी ती लवंडायची. ती सवय आयुष्यभर टिकली. आमच्या घरी मात्र ती दुपारभर पंख्याकडे बघत पडून राही. डोळ्यांखाली काळं आलं, जेवण कमी झालं. शेवटी एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "बुद्धजयंती झाली का मी जातो माह्या घरी. इथं मले गमत नाई." मी चिडले. काय कमी आहे इथं, असं विचारलं. तर म्हणे काहीच कमी नाही. मायचं असं उत्तर आलं की समजावं, काहीतरी फार कमी आहे.

आमचे हे हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. घरातला बल्ब बदलायचा तरी आधी कागदावर आकृती काढणार. सासूबाईंना करमत नाही हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निदान सांगितलं की बाईंना रेल्वेची आठवण येते. निदान चुकलं नव्हतं, औषधानं मात्र घरात गोंधळ घातला. त्यांनी ऑनलाइन खेळण्यातली विजेवरची रेल्वे मागवली. इंजीन, मालाचे डबे, रुळांचे तुकडे आणि वेग कमीजास्त करायचं एक बटण. सुताराकडून प्लायवूडची भलीमोठी फळी आणली, ती शाळेच्या दोन जुन्या बाकांवर मायच्या पलंगाशेजारी ठेवली आणि तिच्यावर रुळांचा लांबट गोल जोडला.

पहिल्या दिवशी गाडी नुसत्या फळीवर चालली. काय तो आवाज. पोकळ प्लायवूड खालून ढोलासारखं घुमत होतं आणि सांध्यासांध्यावर चाकं खडखडत होती. शेजारचे निवृत्त ग्रामसेवक उघड्या दारातून डोकावले आणि घरात पिठाची चक्की टाकली का म्हणून विचारू लागले. माय पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली. यांनी ते पाहिलं आणि घाईघाईनं बटण बंद केलं. बाईंना त्रास झाला, असं मला कानात सांगितलं. गाडी थांबताच माय दचकून डोळे उघडून बसली. तेव्हा मला काही सुचलं नाही, मी आपली पोळ्या लाटायला गेले.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मायच्या पिढीत सासू जावयाशी सरळ बोलत नाही. पदर डोक्यावर घ्यायचा, भिंतीकडे बघायचं आणि लेकीच्या तोंडून निरोप द्यायचा, जावई समोर बसलेला असला तरी. आणि जावयाच्या वस्तूला नाव तर कधीच ठेवायचं नाही. त्यानं करपलेला पापड वाढला तरी तो एक नंबर असतो. माय रोज सकाळी वंदना म्हणते, त्यात खोटं न बोलण्याचं शीलही येतं, पण जावयाच्या बाबतीत तिनं त्यातून सूट घेतलेली आहे.

यांनी त्या रात्री मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले. तिकडे म्हणे रुळांखाली बुचाच्या पट्ट्या घालतात, त्यानं आवाज दबतो. खऱ्या रेल्वेला जशी गिट्टी तशी छोट्या रेल्वेला ही पट्टी. दुसऱ्याच दिवशी हे मेहकरला गेले. मेडिकलच्या दुकानात त्यांना बाटल्यांची बुचं मिळाली, खेळांच्या दुकानात बॅडमिंटनची फुलं दाखवली, हार्डवेअरवाल्यानं तर एवढं बूच कशाला लागतं म्हणून संशयानं पाहिलं. शेवटी हे रिकाम्या हातानं परत आले आणि घरात जे मऊ दिसेल त्यावर त्यांची नजर फिरू लागली.

पहिला मान चपलेच्या रबराला मिळाला. चांभाराकडून तळाचं रबर आणून त्याच्या पट्ट्या कापल्या. गाडी जरा हळू आवाजात चालली, पण उन्हानं रबर तापून घरभर असा वास सुटला की जेवताना वरणालाही तोच लागे. यांनी मला खुणावलं, विचार. मी विचारलं. माय भिंतीला म्हणाली, "सांग त्याईले, मस्त आहे." त्या दुपारी ती टक्क जागी होती.

मग कूलरमधलं गवत आलं. त्यानं आवाज आणखी कमी झाला, पण तिसऱ्याच फेरीत काड्या इंजिनाच्या चाकांत गुंडाळल्या आणि गाडी चाऱ्याची गाडी झाली. शिवाय कूलर उघडा पडला तो वेगळाच. मायचा निरोप आला, मस्त आहे. मग यांनी माझ्या लग्नातली गादी उसवली. मी तोंडाला येईल ते बोलले. तरी कापूस अंथरला गेलाच आणि मालगाडी त्यात चाकांपर्यंत रुतून बसली. मस्त आहे, भिंतीनं ऐकलं.

एवढ्यात गल्लीला चाहूल लागली होती. लोक येऊन बसायचे, चहा प्यायचे, सल्ले द्यायचे. ग्रामसेवकांचं म्हणणं पडलं की नुसतं मऊ घालून भागत नाही, वरून गिट्टी हवी, आणि बारीक गिट्टीसारखी दिसणारी वस्तू म्हणजे सरकीची ढेप. ती त्यांच्याकडेच होती, कारण त्यांच्या घरी बकरी होती. ढेप कुटून, चाळून रुळांच्या दोन्ही कडांना पसरली. दिसायला खरंच सुरेख दिसत होती. आम्ही जेवायला मागच्या खोलीत गेलो आणि ग्रामसेवकांची बकरी आपली ढेप ओळखून आत आली. तिनं एका बाजूचा पूर्ण मार्ग खाल्ला आणि जाता जाता एक डबाही चघळला. ग्रामसेवकांनी उलट आमच्याकडेच तक्रार केली की बकरीचं पोट बिघडलं.

तोवर यांनी पांढऱ्या रंगानं 'डोणगाव' अशी पाटी लिहून गोलाच्या एका कडेला उभी केली होती, त्यावरूनही भांडण झालं. वरच्या आळीतले लोक म्हणाले, स्टेशन खालच्या आळीच्या बाजूला का. यांनी पाटी उचलून दुसरीकडे ठेवली तर खालच्या आळीनं येणंच बंद केलं. घरातला चहा तरी वाचला.

यांनी शेवटी ऑनलाइन मागवलेला बुचाचा तक्ता आला तेव्हा बुद्धजयंती आठवड्यावर आली होती. यांनी आता शाळेतल्या प्रयोगाची सारी शिस्त लावली. रुळांच्या मधोमध पेन्सिलनं रेघ मारली, तक्त्याच्या पट्ट्या कापल्या. वळणावर सरळ पट्टी वाकेना म्हणून ती उभी चिरून दोन अर्ध्या केल्या आणि एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यासमोर येऊ दिला नाही. कडा पॉलिश पेपरनं घासून उतरत्या केल्या. सगळं गोंदानं चिकटवलं आणि दाबून बसावं म्हणून वर वजनं ठेवली. वजनं म्हणजे माझा पाटा, वरवंटा, खलबत्ता, गव्हाचे डबे आणि घरातला जाडजूड शब्दकोश. त्या दिवशी चटणी झाली नाही. शेवटच्या वळणाशी गोंद संपला तेव्हा तिथं मी माझ्या वर्गातले तक्ते चिकटवायला करते ती कणकेची खळ लावली.

दुसऱ्या दिवशी गाडी सोडली. आवाजच नाही. अजिबात नाही. गाडी मांजरासारखी जात होती. हे कमरेवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले, निवृत्तीनंतर प्रथमच इतके खूश दिसले. मी वळून मायला विचारलं. ती गाडीकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग तोंड भिंतीकडे करून आडवी झाली. हळू म्हणाली, "मस्त आहे म्हणाव." यांना वाटलं, लागली झोप. मला तिची पाठ दिसत होती. झोपलेल्या माणसाची पाठ अशी नसते.

बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी तिनं पिशवी काढली. हे गोंद आणायला मेहकरला गेले होते, कारण खळ लावलेल्या वळणावरची बुचाची पट्टी उन्हानं वाळून सुटली होती, वर कुरळी झाली होती. मी येईपर्यंत हात लावू नको, असं मला बजावून गेले होते. मी बजावलेलं ऐकणारी असते तर शिक्षिका झाले नसते. ती सुटलेली पट्टी मी उपटून काढली, रूळ तिथं नुसत्या फळीवर ठेवले आणि गाडी उलटते का बघायला बटण फिरवलं.

गाडी बाकीच्या गोलावर मुकाट गेली आणि त्या वळणावर येताच खडखड खडखड करून पुढे सरकली. पुन्हा मुकाट, पुन्हा खडखड. मायच्या हातात घडी घातलेलं लुगडं होतं. ती थांबली. एक फेरी ऐकली, दुसरी ऐकली. मग लुगडं तसंच उशाला घेऊन आडवी झाली आणि मी हाक मारेपर्यंत तिचा श्वास जड झाला होता. इतक्या दिवसांत मी तिचं घोरणं ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, तो कोणावर ते कळेना.

हे गोंदाची बाटली घेऊन आले आणि दारातच त्यांचा चेहरा पडला. एवढ्या मेहनतीच्या कामाला भगदाड पडलं होतं. मी तोंडावर बोट ठेवायच्या आत त्यांनी गाडी बंद केली.

मायनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "काऊन थांबली गाडी? सिंगल नाई भेटला का?"

मग ती पुरती जागी झाली, उठून बसली, पदर डोक्यावर घेतला. भिंतीकडे वळली खरी, पण पुन्हा या बाजूला वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट जावयाकडे बघून बोलली.

"जवाईबापू, राग नका धरू. ते बूच काढून टाका. गाडीचा आवाज आला का मले समजे, गेट लागलेलं हाये, हिचा बाप जागेवर हाये. मंग माहा डोळा लागे. मुकी गाडी पाह्यली का जीव घाबरते."

हे आतून पटाशी घेऊन आले आणि इतक्या शिस्तीनं चिकटवलेलं बूच तितक्याच शिस्तीनं खरवडून काढायला बसले. मी त्याच क्वार्टरात लहानाची मोठी झाले. त्या आवाजात पाढे पाठ केले, त्या आवाजात झोपले. पण मला ते सुचलं नव्हतं.

सगळं निघाल्यावर यांनी फळीखाली कूलरचा जुना पत्रा सरकवला, आवाज आणखी भरावा म्हणून. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच. बटण फिरवलं आणि घर दणाणलं. ग्रामसेवक पुन्हा चक्कीचं विचारायला आले, यांनी त्यांना हातानंच गप्प केलं. माय झोपली होती. मी पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून तिच्या पलंगापाशी चटई टाकली.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी चालूच होती. हे बाकाशेजारी स्टुलावर बटणावर हात ठेवून बसलेले, तसेच. थांबवली तर सासूबाई जाग्या होतील म्हणून दुपारभर जागचे हलले नव्हते. चहा नाही, पाणी नाही आणि इतर काही तर नाहीच. इंजीन तापून त्याचा वास येत होता. माय उठून बसलेली पाहताच ते काकुळतीला येऊन, तेही थेट तिलाच, म्हणाले, "आई, थांबवू का आता जरा?"

मायनं तोंडावरून हात फिरवला, पायाशी पडलेली भरलेली पिशवी पलंगाखाली सारली आणि पुन्हा उशीवर डोकं टेकलं.

"जाऊ द्या अजून," ती म्हणाली. "मालगाडी हाये. लांबच राह्यते."