सुयांनंतरची झोप

मुलीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन हिंगोलीला झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शुद्धीवर आल्यापासून ती रडत होती आणि रडलं की घसा आणखी दुखत होता. दुखण्याचं औषध चमच्यानं पाजलं, तेही ओकून टाकलं.

दुपारी एक डॉक्टरबाई आल्या. ऑपरेशन झालेल्या लेकरांचं दुखणं त्या ॲक्युपंक्चरनं कमी करतात, असं नर्सनं सांगितलं. आधीच पोर कळवळतेय, त्यात वर सुया टोचायच्या, हे मला पटेना. बाईंनी पहिली सुई माझ्याच हाताला टोचली, अंगठ्याच्या बेचक्यात. केसासारखी बारीक. मुंगी चावावी इतकंही वाटलं नाही. ते बघून मुलीनं आपणहून हात पुढे केला. तिच्यासाठी बाईंनी नवी पुडी फोडली.

सुया लावून बाई स्टुलावर बसून राहिल्या. हुंदके विरळ होत गेले, मग थांबले. सुया काढून त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या. मुलगी डोळे मिटून पडली होती, तोंड जरासं उघडं. वॉर्डात पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मला ते सोसेना. मी तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं. ती किंचाळत उठली, घसा धरून पुन्हा रडायला लागली. ते रडणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

"अहो, काहून उठवलं?" बाई धावत आल्या. "किती मुश्किलीनं झोपलं होतं लेकरू!"

"गप झाली म्हणून."

आणि घरात आम्ही कधीच जे बोलत नव्हतो ते मी तिथं बोलून गेले. हिच्या आधी मला एक मुलगा होता. दीड वर्षाचा. तापानं फणफणलेला, म्हणून आखाडा बाळापूरहून जीपनं हिंगोलीला आणत होतो. सारखा रडत होता. वाटेत गप झाला. सासूबाई म्हणाल्या, "झोपलं, आराम पडला वाटतं." मी जीपवाल्याला म्हणाले, "भाऊ, हळू चालवा, लेकरू उठंल." दवाखान्यात पदर बाजूला केला तेव्हा कळलं.

बाई स्टूल ओढून पुन्हा खाटेशी बसल्या. त्यांनी माझा तळहात मुलीच्या पोटावर ठेवला आणि पुन्हा सुया लावल्या. "हात काढू नका," एवढंच म्हणाल्या. ती झोपली. पोट वर-खाली होत राहिलं. ती उठेपर्यंत मी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. एसटीत खिडकीशी बसून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, मला भाऊ होता?"

म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

"व्हय."

"याच रस्त्यावर?"

"व्हय."

"कुठं?"

बाहेर बाभळी मागं पळत होत्या. "मला म्हाईत न्हाई, बाई," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. खिडकीच्या दांड्याला गाल लावून ती बाहेर बघत राहिली.

आता ती हिंगोलीत नोकरी करते. कधी दोघी मिळून त्याच रस्त्यानं एसटीनं गावाकडे येतो. वाटेतली कळमनुरी मागं पडली की बोलता बोलता ती गप्प होते. मी हलवून विचारत नाही.