सेरुवायाने दिलेला दात

सेरुवायाला माशाच्या घाणीची किळस नव्हती, चिखलाची नव्हती, डुकराची आतडी धुण्याचीही नव्हती. वाईलोटू गावात कुणाकडे मयत झाली की असली कामं तिच्याच वाट्याला यायची, आणि ती गाणं म्हणत ती करायची. तिला किळस यायची ती गोड बोलणाऱ्या पुरुषांची. असा कुणी समोर आला की तिच्या वरच्या ओठाला एक बारीक मुरड पडे, आणि मग त्याने मुळं कुटून केलेली मानाची यंगोना कितीही पाजली तरी ती मुरड सुटत नसे.

त्याला कारण होतं. तिचा नवरा इलिसोनी आरमारात होता. इंग्रजांचं राज्य असताना एका साहेबाने गोड बोलूनच त्याला लांबच्या एका बेटावर नेलं. तिथे त्याच्यासारख्या पोरांना ओळीने वाळूत बसवलं, समुद्राकडे पाठ करायला लावली आणि डोळ्यांवर तळहात दाबून धरायला सांगितलं. मग पाठीमागे बॉम्ब फुटला. मिटल्या डोळ्यांना आपल्याच बोटांची हाडं दिसली, असं इलिसोनी सांगे. आधी गंमत म्हणून सांगे, पुढे पुढे सांगेनासा झाला. दोन मुलं जन्मतःच गेली. चाळिशीत त्याचं रक्त नासलं आणि तोही गेला. सेरुवायाने इंग्रज सरकारला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की त्या कामाचा आणि या आजाराचा काहीही संबंध आढळत नाही, आणि खाली 'आपला नम्र सेवक' म्हणून सही. ते 'नम्र' वाचून ती न्हाणीत जाऊन ओकली होती. हे ती स्वतः सांगायची, न लाजता.

तेव्हापासून बाई पेटली. बॉम्ब घेऊन फिरणाऱ्या बोटी आपल्या बंदरात नकोत, एवढं एकच मागणं. राजधानीत, सुवाच्या बाजारात ती केवड्याच्या पातीच्या चटया विकायला बसे, शेजारी फुलमती. फुलमती ही निवृत्त शाळामास्तरीण, जिचे आजा-आजी ऊस तोडायला म्हणून जहाजात घालून इथे आणलेले. दोघींच्या मध्ये सह्यांची वही. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. चटईचं गिऱ्हाईक आलं की सेरुवाया चटई दाबून धरी आणि म्हणे, "आधी अंगठा, मग चटई." अशाने गिऱ्हाईक पळतं हे फुलमतीने शंभरदा सांगितलं.

"पळू दे गं. पळणाऱ्याच्या घरात माझी चटई नकोच."

त्या वर्षी निवडणूक आली आणि जुनं सरकार जाणार असा वारा सुटला. वाईलोटूकडे मतं मागायला आला नेमानी. इलिसोनीच्या चुलतभावाचा हा मुलगा, परदेशात शिकलेला, कमरेला गुंडाळलेल्या सुलूला कडक इस्त्री, केसांना सुगंधी तेल. सेरुवायाला काकी म्हणायचा. भर सभेत डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काकी, इलिसोनीकाकांच्या हाडांची शपथ. आमचं सरकार आलं की बॉम्बची एक बोट या पाण्यात शिरणार नाही."

सेरुवायाच्या ओठाला मुरड पडली. पण माणूस घरचा, आणि वीस वर्षांत कुणी एवढंसुद्धा बोललं नव्हतं. तिने ठरवलं, नुसत्या शब्दावर नाही, तांबुआ देऊन बांधायचं. तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात, तेल चोळून चोळून मधासारखा पिवळा झालेला, दोन्ही टोकांना काथ्याची वेणी. तो देऊन मागणं मागायचं. समोरच्याने दात घेतला की मागणं मान्य, मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरायचं नाही. मान्य नसेल तर तोच दात परत करायचा. मधला रस्ता नाही.

तिच्याकडे एकच दात होता. इलिसोनीच्या माणसांनी तिला मागणी घालताना तो तिच्या बापाला दिला होता. इलिसोनी मेला तेव्हा बापाने तो मयतीचा मान म्हणून परत आणला. त्याची वेणी एकदा उंदराने कुरतडली, तेव्हा सेरुवायाने मधला तुकडा इलिसोनीच्या आरमारी शिट्टीच्या पांढऱ्या दोरीने सांधला. असला दात सगळ्या बेटांवर दुसरा नव्हता.

तिच्या वतीने तो दिला साकारायाने. हा तिचा थोरला दीर, गावाचा बोलका माणूस, म्हणजे गावातर्फे औपचारिक बोलायचा मान त्याचा. नेमानीने दोन्ही हातांनी दात घेतला, कपाळाजवळ नेला आणि गुडघ्यावर बसून तीनदा टाळी वाजवली. वाईलोटूने झाडून सगळी मतं त्याला दिली.

सरकार बदललं. नेमानी मंत्री झाला, बंदरं त्याच्याकडे. महिनाभर सगळे नाचत होते. मग एका मोठ्या देशाचा राजदूत विमानाने आला, तीन दिवस राहिला, मंत्र्यांबरोबर फोटो काढले, आणि चौथ्या दिवशी रेडिओवर बातमी लागली की त्या देशाची एक युद्धनौका 'मैत्रीच्या भेटीला' शुक्रवारी सुवा बंदरात येते आहे.

सेरुवाया आणि फुलमती मंत्र्याच्या कचेरीत गेल्या. दोन तास बसवून ठेवल्यावर आत घेतलं. नेमानीच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं आणि त्यात निवडणुकीत गावोगावी मिळालेले दात एकावर एक टांगले होते, सुकत घातलेल्या मिरच्यांसारखे. सेरुवाया त्यात आपला शोधत राहिली. गर्दीत दिसला नाही.

"काकी, बसा ना. काही थंड घेणार?"

"त्या बोटीवर बॉम्ब आहे का?"

"त्याचं असं आहे काकी, ते लोक आहे असंही म्हणत नाहीत आणि नाही असंही म्हणत नाहीत. ते त्यांचं धोरणच आहे."

"मग तू विचार."

"विचारायचं नसतं. विचारलं तर त्यांचा अपमान होतो. ते सांगत नाहीत, म्हणजे नाही असं आपण धरायचं."

फुलमतीने चष्मा काढला. "म्हणजे पाहुणा पिशवीत साप घेऊन आलाय की नाही ते सांगणार नाही, आणि आपण त्याच्यासाठी गादी घालायची?"

"टीचर, जग एवढं सोपं नसतं. आता आपण सरकार आहोत. देशाला रस्ते पाहिजेत, दवाखाने पाहिजेत. विरोधात असताना बोलणं वेगळं असतं."

"माझ्या आजीची म्हण होती," फुलमती म्हणाली, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. तुझे तर कपाटभर आहेत रे."

नेमानी हसला. तो खरोखर मोकळेपणाने हसला, आणि त्या हसण्यानेच सेरुवायाच्या ओठाला पुन्हा मुरड पडली. चिडला असता तर तिने समजून घेतलं असतं.

तिने गावात सांगून टाकलं: शुक्रवारी आपल्या होड्या बंदराच्या तोंडाशी आडव्या घालायच्या, सगळ्यात पुढे मी. आजूबाजूच्या चार गावांतल्या बायका तयार झाल्या. ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. बॉम्बने मेलेल्या शिपायाची विधवा जहाजासमोर होडीत बसलेली, असा फोटो राजदूताला नको होता, म्हणून तो मंत्र्यालाही नको होता. बुधवारी नेमानीचा निरोप आला की तो उद्या सेरुवायाकाकीची माफी मागायला दात घेऊन येतो आहे.

निरोप ऐकताच सेरुवायाला डाव कळला. माफीचा दात नाकारायचा नसतो. खून करून माणूस दात घेऊन दारात आला तरी घ्यावा लागतो, आणि घेतला की प्रकरण पुरलं. पुन्हा त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, होडी तर लांबच. आणि नाकारलाच, तर सगळ्या गावाचं नाक कापलं जाणार. पुढच्या कुठल्याही मयतीला, लग्नाला वाईलोटूकर मान वर करून बसू शकले नसते.

संध्याकाळी साकाराया आला. "सेरुवाया, घेऊन टाक."

"भाऊजी, तो माफी मागायला येत नाहीये. माझं तोंड शिवायला येतोय."

"मला कळतं ते. मी म्हातारा झालोय, बावळट नाही. पण दात हा दात असतो. देणारा हलकट असला म्हणून दात हलकट होत नाही."

"तुमच्या भावाची हाडं विकली त्याने."

साकाराया म्हणाला, "इलिसोनी गेला. गावाला अजून जगायचंय." आणि उठून गेला. सेरुवायाने चुलीवर अळूचे कंद चढवले होते, ते तसेच करपले. आयुष्यभर ज्या रीतीच्या आधाराने ती उभी राहिली, तीच रीत हा तेल लावलेला माणूस तिच्यावर फास म्हणून टाकत होता, आणि गावात एकाला तरी त्याची घाण यावी की नाही!

गुरुवारी दुपारी मंत्र्याची गाडी आली. मागून आणखी एक गाडी, तीत फोटोवाला. सभागृहात सगळं गाव चटयांवर बसलं. सेरुवाया मध्ये, शेजारी साकाराया, दाराशी फुलमती. नेमानी गुडघ्यांवर रांगत आत आला. रीतीप्रमाणे त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी बोलायचं, पण हा स्वतः बोलला. नम्रतेचाही देखावा असतो.

"काकी, तुमचं मन दुखावलं. मी लहान, तुम्ही आई. हा दात माझ्या आजोबांचा. आमच्या घराण्यात तीन पिढ्या जपलेला. मरताना त्यांनी माझ्या हातात दिला. तो आज तुमच्या पायाशी ठेवतो. झालं गेलं पुरून टाका."

आवाज बरोबर जागी कापला. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्याने कातडी पिशवीतून दात काढून पुढे केला आणि साकारायाने तो सेरुवायासाठी दोन्ही हातांनी घेतला. स्वीकाराचे शब्द म्हणायला त्याने श्वास घेतला, अंगठा सवयीने वेणीवरून फिरवला, आणि तो थांबला. अंगठा पुन्हा मागे नेला. मग ते शब्द न म्हणताच त्याने दात सेरुवायाच्या मांडीवर ठेवला.

काथ्याच्या वेणीच्या मधोमध पांढऱ्या दोरीचा तुकडा होता.

कपाट उघडून कुणीतरी हाताला लागला तो दात काढला होता, आणि ज्याच्यासाठी काढला त्याने तो एकदाही नीट पाहिला नव्हता. ना घेताना, ना देताना. सेरुवायाला ओकारीच आली. तिने तोंडावर पदर धरावा तसा सुलूचा कोपरा धरला आणि गिळलं.

"नेमानी," ती म्हणाली, "तुझे आजोबा आरमारात होते का रे?"

"नाही काकी. शेतकरी होते."

"मग इलिसोनीच्या शिट्टीची दोरी त्यांच्या दातात कशी आली?"

तिने दात उंच धरून सगळ्यांना दाखवला. मागे बसलेली माणसं उठून पुढे सरकली. हा दात नेमानीला दिला गेला, तेव्हा हीच सगळी माणसं इथे बसली होती. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. नेमानीच्या कपाळावरून तेल आणि घाम एकत्र ओघळायला लागला.

"चूक झाली, काकी. कचेरीतल्या कुणीतरी... मी दुसरा आणतो. आत्ता माणूस पाठवतो."

"बस खाली," साकाराया म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मंत्र्याला काय, शेजाऱ्यालाही असं दरडावलं नव्हतं. "या बाईने दात देऊन मागणं मागितलं. तू घेतलास. आज तोच दात तू सगळ्या गावासमोर परत केलास. परत केलेल्या दाताचा अर्थ काय, हे तुला तुझ्या आजोबांनी शिकवलं नसेल तर मी शिकवतो. तिचं मागणं तू नाकारलंस. ही माफी नाही. हिच्यात पुरायला काही नाही."

"तसं नव्हतं म्हणायचं मला!"

"तेच म्हणालास तू, बाबा," सेरुवाया म्हणाली. "निवडून आल्यापासून एवढं एकच खरं बोललास, तेही चुकून." तिने दात मांडीवर घेतला, पोकळ ओंजळीने तीनदा टाळी वाजवली आणि रीतीचे शब्द स्पष्ट उच्चारले: नकार पोचला. मग पुढे सांगितलं, "आता जा. आणि यंगोनाला थांबू नकोस. तुझ्या उष्ट्या वाटीतून माझ्या गावाने प्यायला नको."

शुक्रवारी सकाळी अकरा होड्या बंदराच्या तोंडाशी आडव्या गेल्या. पहिल्या होडीत सेरुवाया, गळ्यात तो दात, आणि शेजारी फुलमती, जिला पोहता येत नव्हतं आणि जी सगळा वेळ देवाचं नाव घेत होती. पोलिसांच्या बोटींनी दोन तास त्यांना ढकलत ढकलत खडकांकडे नेलं. मग ती करडी नौका आत शिरली, अवाढव्य, आवाज न करता. वरून दोन गोरी पोरं हात हलवत होती. त्यांना वाटलं, या बायका स्वागताला आल्यात.

धक्क्यावर बँड वाजत होता. खडकाजवळून सगळं स्वच्छ दिसत होतं: कप्तान शिडीवरून उतरला, नेमानीने त्याला फुलांचा हार घातला, मग गुडघ्यावर बसून पिशवीतून एक पिवळा दात काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. कप्तानाने तो एका हाताने घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मागच्या माणसाकडे दिला.

"अगं, तो कुणाचा असेल?" फुलमतीने विचारलं.

कुठल्या गावाने, कुठलं मागणं घालून, कुणाच्या मयतीचा दात त्याला दिला असेल! सेरुवायाने आपला दात मुठीत घट्ट धरला, होडीच्या कडेवरून वाकली आणि समुद्रात थुंकली.