यमुनाबायच्या म्हशीचा चीक

यमुनाबाय गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही पालघरच्या बाजारात, तिच्या गावच्या भाजीवालीकडून. मेथीच्या जुडीवरून मी तिच्याशी हुज्जत घालत होते आणि सुटे पैसे परत देता देता ती म्हणाली, "यमुनाबाय वारली, म्हाईत हाय ना?" मी जुडी पिशवीत टाकली. कशाने गेली, कधी गेली, काहीच विचारलं नाही... विचारायचा हक्क आपल्याला आहे का, हेच कळेना.

बोईसरला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाची आमची ओळख. घाटावरून आलेली आमच्यासारखी कुटुंबं कॉलनीत राहायला आली आणि दुधाची शोधाशोध सुरू झाली. यमुनाबाय दोन कोसांवरच्या गावातून डोक्यावर किटली घेऊन चालत यायची. दोन म्हशी, नवरा मिठागरावर मजुरीला, तोही वर्षातले काही महिनेच. घर चालायचं ते म्हशींवर. आमच्या आठ घरांना तिचा रतीब होता. माझ्याकडे शेवटचं माप घातलं की ती पायरीवर टेकायची, मी चहा द्यायची आणि आम्ही म्हशींबद्दल बोलायचो. माझ्या माहेरीही म्हशी होत्या, शेण काढून वाढलेली मी. म्हैस गाभण राहणं, आटणं, लाथ मारणं... हे कळणारी कॉलनीत मी एकटीच, म्हणून तिचा माझ्यावर जीव होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येत नाही.

एका सकाळी चहा संपवून ती म्हणाली, "बाय, पेंड म्हागली. गवत सगळं मुंबईचे तबेलेवाले उचलतात, त्यांच्या भावात आमाला नाय परवडत. लिटरमागं आठ आणे वाढवा." नेमक्या त्याच आठवड्यात कॉलनीच्या ग्राहक भांडारात पिशवीचं दूध आलं होतं, तिच्या जुन्या दरापेक्षाही स्वस्त. घासाघिशीत मला कोणी हरवत नसे आणि त्याचा मला भारी अभिमान होता. मी आठही घरी फिरले. आठ दिवस कुणीच दूध घेऊ नका, येईल आपोआप वळणावर, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी यमुनाबाय आठ दारांवरून भरलेली किटली घेऊन परत गेली. मी खिडकीतून पाहत होते.

चौथ्या दिवशी ती पुन्हा दारात. दुसरी म्हैस व्यायली होती आणि व्यायल्यानंतरचं पहिलं दाट दूध, चीक, घेऊन ती आली होती. आठही घरांसाठी. मला वाटलं, जिंकलो. म्हटलं, "मग जुन्या दरानं घालणार ना?" तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखं. "भांडण दराचं हाय, बाय. चिकाचं नाय. रतिबाच्या घराला चीक द्यायचाच असतो." माझ्या पातेल्यात चीक ओतून ती पुढच्या दारी गेली. त्या दुपारी आठही घरांत वेलदोडा घालून खरवस शिजला. वड्या खाताना कुणीतरी म्हणालं, नमली म्हणायची. सगळ्या हसल्या, आणि हसण्यात मी पुढे होते. आज लिहितानाही लाज वाटते.

आठ दिवस संपले, ती आली नाही. महिन्याभराने कळलं, दोन्ही म्हशी मुंबईच्या तबेलेवाल्याने नेल्या आणि यमुनाबाय तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. भांडारवाला दुधाच्या विक्रीत तोटा सोसून तो साबण-तेलात भरून काढत होता, हे मला फार उशिरा समजलं. यमुनाबायकडे भरून काढायला दुसरं काय होतं? आजूबाजूच्या गावांतून दूध येणं थांबलं तशी पिशवी महागली, तिने मागितलं होतं त्याच्याही पुढे गेली. आम्ही निमूट पैसे मोजले. पुढे एकदा ती कारखान्याच्या फाटकाशी भेटली. माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली. मला बोलायचं होतं... पण पाळीचा भोंगा झाला आणि ती आत गेली. खरं तर भोंगा झाला म्हणून मी सुटले.

बातमी कळल्यावर चार दिवसांनी तिच्या घरी गेले. सुनेने चहा पुढे केला. कोरा. "दुधाचा नाय हा," ती संकोचून म्हणाली. "सासूबायनं पिशवी घरात येऊ दिली नाय. म्हणायची, ज्या भावात आपल्याला म्हैस पोसता आली नाय, त्या भावात दुसऱ्याच्या म्हशीचं दूध प्यायचं नाय. पोरांपुरतं शेजारच्या काकांकडनं घेतो, ते सांगतील त्या भावात."

मी कप हातात धरून बसले. तिनेच पुढे विचारलं, "तुमी कॉलनीतल्या ना? मग तिच्या म्हशी कशापायी गेल्या, तुमाला म्हाईत असंल. आमी लई विचारलं, तिनं कुनाचं नाव घेतलं नाय."

मी सांगितलं. काही न लपवता सांगितलं, खरवसाचंसुद्धा. सून म्हणाली, "आठ आन्यांसाठी?"

मी हो म्हणाले, आणि तो कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.