नेट आलं तेव्हा मावशीची माती होऊन गेली होती

मंडळी, आज दुपारी वडवणीत नेट परत आलं. अफवा पसरू नयेत म्हणून तीन दिवस बंद होतं.

फॅमिली ग्रुप उघडला. धर्मापुरीची मावशी वारली, उद्या दहाला अंत्यविधी. मेसेज परवाचा!

मावसभावाने पुण्यातल्या भावाला फोन करून "सगळ्यांना कळव" सांगितलेलं. त्याने सवयीने ग्रुपवर टाकलं. पुण्याची माणसं मातीला पोचली. मी त्याच जिल्ह्यात असून नाही.

आत्ता मावसभावाला फोन लावला. म्हणाला, "लई वाट बघितली तुझी. कावून आला न्हाईस?"

म्हटलं, नेट बंद होतं.

अफवा तर बाजारात रोज नवी ऐकत होतो. त्यांना नेट लागलंच नाही. मग तीन दिवस नेमकं बंद काय केलं होतं, सांगा तुम्हीच.